चढ-उताराचे गणित मांडणारा तत्त्वज्ञ

१४ नोव्हेंबर १७१६. जर्मनीतील हॅनोव्हर शहरात सत्तर वर्षांच्या एका वृद्धाने अखेरचा श्वास घेतला. संधिवाताने त्याला बरेच दिवस अंथरुणाला खिळवून ठेवले होते. ज्या राजघराण्याची त्याने तब्बल चाळीस वर्षे सेवा केली, त्या घराण्याचा प्रमुख आता इंग्लंडचा राजा झाला होता. राजा त्या दिवसांत जर्मनीतच आलेला होता, तरीही अंत्यविधीला दरबारातून कोणी फिरकले नाही. मृताचा सचिव तेवढा शेवटपर्यंत सोबत राहिला. लंडनची रॉयल सोसायटी आणि बर्लिनची विज्ञान अकादमी या दोन्ही मान्यवर संस्थांचा तो सभासद होता; बर्लिनच्या अकादमीचा तर तो पहिला अध्यक्ष. पण या दोन्ही ठिकाणी त्याच्यासाठी श्रद्धांजलीचे चार शब्दही उच्चारले गेले नाहीत. त्याच्या थडग्यावर नाव कोरले जायलाही पुढे सुमारे पन्नास वर्षे जावी लागली.

या उपेक्षित वृद्धाचे नाव गॉटफ्रिड विल्हेल्म लायब्निझ. तत्त्वज्ञ, कायदेपंडित, मुत्सद्दी, इतिहासकार, ग्रंथपाल, यंत्रकार अशा अनेक भूमिका तो एकाच आयुष्यात जगला. परंतु जगाच्या व्यवहारात त्याची सर्वांत खोल रुजलेली देणगी आहे ती गणितातली. एखादी राशी वाढते आहे, घटते आहे की क्षणभर थबकली आहे, हे केवळ एका चिन्हावरून सांगण्याची रीत त्याने १६८४ साली छापून जगापुढे ठेवली. आज बारावीच्या विज्ञान शाखेचा विद्यार्थी फलनाचा अवकलज काढून तो धन आहे की ऋण हे तपासतो, तेव्हा तो नियम आणि तो लिहिण्याची लिपी अशा दोन्ही गोष्टी लायब्निझच्याच वापरत असतो. आणि याच देणगीपायी त्याच्या उतारवयावर वाङ्मयचौर्याचा कलंक लागला, हा इतिहासातला दैवदुर्विलास.

लायब्निझचा जन्म १ जुलै १६४६ रोजी लाइपझिग येथे झाला. तीस वर्षे चाललेल्या धर्मयुद्धाने जर्मन भूमी तेव्हा उजाड होत आली होती. वडील लाइपझिग विद्यापीठात नीतिशास्त्राचे प्राध्यापक होते. गॉटफ्रिड सहा वर्षांचा असतानाच ते वारले. मागे राहिली ती त्यांची ग्रंथसंपदा. काही काळाने ती या मुलासाठी खुली झाली आणि त्याने तिच्यावर अक्षरशः झडप घातली. लॅटिन भाषा तो बव्हंशी आपली आपणच शिकला. चौदाव्या वर्षी विद्यापीठात प्रवेश, विसाव्या वर्षी कायद्यातील डॉक्टरेटची तयारी अशी ही वाटचाल होती. लाइपझिगने मात्र त्याला ही पदवी नाकारली. लायब्निझने जन्मगावाचा निरोप घेतला, न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फ विद्यापीठातून १६६७ साली पदवी मिळवली आणि तेथे चालून आलेले प्राध्यापकपद नम्रपणे नाकारले. चार भिंतींतल्या अध्यापनापेक्षा राजकारणाचे विस्तीर्ण क्षेत्र त्याला खुणावत होते.

माइन्झच्या राजदरबारी त्याला आश्रय मिळाला आणि तेथूनच १६७२ साली तो पॅरिसला गेला. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने जर्मन प्रदेशावर चाल करण्याऐवजी इजिप्तकडे मोहरा वळवावा, अशी त्याची राजनैतिक योजना होती. ती कोणी ऐकूनही घेतली नाही. वर्षाच्या आतच त्याचे दोन्ही आश्रयदाते वारले. राजकारणाच्या दृष्टीने पॅरिसची फेरी निष्फळ ठरली, पण गणिताच्या दृष्टीने तिच्याइतकी सुफळ फेरी क्वचितच कोणी केली असेल.

पॅरिसमध्ये त्याची गाठ डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स याच्याशी पडली. लायब्निझचे गणिताचे ज्ञान तोवर अगदीच जेमतेम होते. हायगेन्सने त्याला एक कोडे घातले. एक, एक-तृतीयांश, एक-षष्ठांश, एक-दशांश अशा न संपणाऱ्या अपूर्णांकांची बेरीज किती? लायब्निझच्या ध्यानात आले, की यातील प्रत्येक अपूर्णांक दोन संख्यांच्या वजाबाकीच्या रूपात मांडता येतो. मग बेरीज करताना मधली सारी पदे एकमेकांना खोडून टाकतात आणि हाती उरते फक्त पहिले आणि शेवटचे टोक. उत्तर आले दोन. कोडे साधेच, पण त्यातून एक बीज त्याच्या मनात कायमचे रुजले. फरक काढणे आणि फरकांची बेरीज करणे या एकमेकींच्या उलट क्रिया आहेत, हे ते बीज. त्याच्या साऱ्या कलनशास्त्राचा वृक्ष पुढे याच बीजातून वाढला.

१६७३ च्या आरंभी तो लंडनला गेला. गुणाकार-भागाकार करणारे स्वतः योजलेले यंत्र त्याने रॉयल सोसायटीपुढे ठेवले. यंत्र अपुरेच होते, तरीही सोसायटीने पुढे त्याला सभासद करून घेतले. याच मुक्कामात एक नामुष्कीचा प्रसंग ओढवला. रॉबर्ट बॉइल याच्या घरी जमलेल्या मंडळींत लायब्निझने संख्यामालिकांच्या फरकांविषयीची आपली एक रीत मोठ्या उत्साहाने सांगितली. जॉन पेल या गणितज्ञाने ती एका फ्रेंच ग्रंथात अगोदरच छापून आल्याचे शांतपणे दाखवून दिले. लायब्निझने ग्रंथ पाहिला. पेलचे म्हणणे खरे निघाले. आपले वाचन किती तोकडे आहे याची त्याला लख्ख जाणीव झाली. पॅरिसला परतल्यावर त्याने स्वतःला गणिताच्या अभ्यासात गाडून घेतले. विरोधकांनी मात्र हा प्रसंग लक्षात ठेवला आणि चार दशकांनंतर तो उकरून काढला.

त्या काळी युरोपातल्या गणितज्ञांपुढे दोन मोठे प्रश्न होते. वक्ररेषेने वेढलेले क्षेत्रफळ कसे काढावे हा पहिला, आणि वक्राला एखाद्या बिंदूपाशी स्पर्शिका कशी काढावी हा दुसरा. स्पर्शिकेचा चढ कळला, की वक्र त्या ठिकाणी वर निघाला आहे की खाली हे कळते. आणि स्पर्शिका आडवी झाली की तेथे शिखर किंवा तळ असण्याचा संभव असतो. फ्रान्समधला न्यायाधीश पिएर द फर्मा याने कमाल आणि किमान मूल्ये शोधण्याची एक चतुर युक्ती त्यापूर्वीच योजली होती. पण अपूर्णांक आणि वर्गमुळे आली की तिचे गणित किचकट होऊन बसे. कोणत्याही समीकरणाला डोळे मिटून लावता येईल असा एकच राजमार्ग कोणी छापून दिला नव्हता.

तो राजमार्ग लायब्निझला १६७५ च्या शरद ऋतूत सापडला. त्याची त्या दिवसांतली टिपणे तारखांसह आजही उपलब्ध आहेत. २९ ऑक्टोबरच्या टिपणात, बेरजेसाठी असलेल्या लॅटिन शब्दाचे आद्याक्षर लांबवून त्याने समाकलनाचे चिन्ह तयार केले. ११ नोव्हेंबरच्या कागदावर सूक्ष्म फरकासाठी डी हे अक्षर अवतरले. दोन राशींच्या गुणाकाराचा फरक म्हणजे त्यांच्या फरकांचा गुणाकार असेल काय, अशी शंकाही त्याने त्याच कागदावर तपासून पाहिली आणि तसे नाही हे ताडले. बरोबर नियम त्याला काही दिवसांतच गवसला. आजचा विद्यार्थी पहिल्या प्रयत्नात जी चूक हमखास करतो, तिच्यापाशी या शास्त्राचा जनकही क्षणभर अडखळला होता!

इंग्लंडमध्ये आयझॅक न्यूटन हाच प्रदेश जवळजवळ दहा वर्षे आधी पालथा घालून बसला होता. १६६५-६६ च्या प्लेगच्या साथीत केंब्रिज विद्यापीठ बंद पडले, त्या काळात त्याने बदलत्या राशींच्या वेगाचे आपले गणित उभे केले. पण ते छापण्याचे मात्र त्याने टाळले. १६७६ साली रॉयल सोसायटीच्या चिटणिसामार्फत न्यूटनची दोन पत्रे लायब्निझसाठी निघाली. दुसऱ्या पत्रात न्यूटनने आपल्या रीतीचे मर्म सांगितले खरे, पण अक्षरांची उलटापालट करून तयार केलेल्या एका सांकेतिक कोड्यात! ते कोडे सोडवून कोणालाही कलनशास्त्र शिकता येणे शक्य नव्हते. आपण आधी शोध लावला याची केवळ नोंद राहावी, एवढाच त्याचा हेतू. लायब्निझने १६७७ च्या उत्तरात आपली स्पर्शिकेची रीत उघडपणे लिहून पाठवली. एकाने दार लावून घेतले, दुसऱ्याने उघडे टाकले. दोघांच्या स्वभावांतला हा भेद पुढच्या साऱ्या नाट्याचे मूळ आहे.

दरम्यान पॅरिसमध्ये पोटापाण्याची सोय होईना. नाइलाजाने लायब्निझने हॅनोव्हरच्या ड्यूकची नोकरी पत्करली. जाताना वाटेत तो पुन्हा लंडनला थांबला आणि तेथे न्यूटनच्या एका अप्रकाशित हस्तलिखितातून त्याने काही टिपणे उतरवून घेतली. ही भेट पुढे त्याला फार महाग पडणार होती. हॉलंडमध्ये तो तत्त्वज्ञ स्पिनोझाला भेटला आणि १६७६ च्या डिसेंबरात हॅनोव्हरला पोहोचला. पॅरिस-लंडनच्या विद्वत्सभांच्या मानाने हे गाव आडवळणाचेच. पण त्याचे उरलेले आयुष्य या दरबाराशीच बांधले गेले.

दरबारी कामांना अंत नव्हता. ग्रंथालय सांभाळायचे, कायदेशीर सल्ले द्यायचे, धर्मपंथांत समेट घडवायचा. हार्झ पर्वतातल्या चांदीच्या खाणींत पाणी भरे. ते पवनचक्क्यांनी उपसण्याची योजना त्याने आखली आणि १६८० नंतरची काही वर्षे त्या डोंगराळ भागात खेटे घालण्यात घालवली. वाऱ्याने साथ दिली नाही, खाणीच्या अधिकाऱ्यांनीही दिली नाही. शेवटी ड्यूकने काम थांबवले. या धबडग्यातच लाइपझिगच्या आक्टा एरुडिटोरम या विद्वत्-नियतकालिकाच्या ऑक्टोबर १६८४ च्या अंकात त्याचा कमाल-किमान मूल्यांच्या आणि स्पर्शिकांच्या नव्या रीतीवरचा लेख प्रसिद्ध झाला. अवघी सहा-सात पाने! कलनशास्त्रावर जगात छापून आलेला हा पहिला लेख.

त्या पानांत सिद्धता नव्हत्या. होते ते नुसते नियम. बेरजेचा, गुणाकाराचा, भागाकाराचा, घातांचा आणि मुळांचा. त्यानंतर मुद्द्याची गोष्ट होती. वक्राची उंची वाढत असेल तर तिचा सूक्ष्म फरक धन असतो, उंची घटत असेल तर तो ऋण असतो, आणि उंची वाढतही नाही व घटतही नाही अशा जागी तो शून्य होतो. तेथे स्पर्शिका अक्षाला समांतर असते. फरकाचाही फरक काढला, तर वक्राचा बाक कोणीकडे आहे आणि तो कोठे पालटतो हेही कळते. शाळा-महाविद्यालयांतून फलनाच्या वाढीचा आणि घटीचा जो पाठ दिला जातो, त्याचे सार एवढ्या चार-दोन वाक्यांत आलेले होते.

या नियमाची ताकद एका साध्या उदाहरणाने ध्यानात येते. शंभर मीटर लांबीच्या कुंपणाने आयताकृती जागा वेढायची आहे. एक बाजू क्ष मीटर धरली, तर दुसरी ५० वजा क्ष होते आणि क्षेत्रफळ क्ष गुणिले ५० वजा क्ष. बाजू दहा मीटर घेतली तर क्षेत्रफळ ४०० चौरस मीटर भरते आणि चाळीस मीटर घेतली तरीही तेवढेच. नुसते क्षेत्रफळ पाहणाऱ्याला या दोन स्थितींत काहीच फरक दिसणार नाही. पण या फलनाचा अवकलज आहे ५० वजा दोन क्ष. दहापाशी तो अधिक तीस येतो, म्हणजे बाजू वाढवली तर क्षेत्रफळ वाढेल. चाळिसापाशी तो उणे तीस येतो, म्हणजे बाजू आणखी वाढवली तर क्षेत्रफळ घटेल. क्ष पंचवीस असताना अवकलज शून्य होतो. त्याच्या अलीकडे सर्वत्र चढण, पलीकडे सर्वत्र उतरण. म्हणून शिखर तेथेच, आणि ते ६२५ चौरस मीटरांचे. राशी आज किती आहे याचे उत्तर मोजपट्टी देते. ती कोणत्या दिशेने निघाली आहे याचे उत्तर देते ते अवकलजाचे चिन्ह.

मात्र शून्य दिसले म्हणजे शिखर आलेच असे समजणारा फसतो. क्षच्या घनाचा आलेख काढला, तर शून्यापाशी त्याची स्पर्शिका आडवी होते खरी, पण दोन्ही बाजूंना अवकलज धनच राहतो. वक्र तेथे क्षणभर विसावा घेतो आणि पुन्हा वरच निघतो. म्हणून नुसते शून्य शोधून भागत नाही. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे चिन्हही पाहावे लागते.

लायब्निझने आपल्या लेखात उदाहरण घेतले ते प्रकाशाचे. हवेतून पाण्यात शिरताना प्रकाशकिरण नेमका कोठे आणि किती वळतो? सर्वांत कमी अडथळ्याची वाट तो निवडतो असे मानले, तर हा प्रश्न किमान मूल्य शोधण्याचा होतो. थोर गणितज्ञांनी लांबच्या वाटेने गाठलेला वक्रीभवनाचा नियम त्याने थोड्या ओळींत काढून दाखवला. रीत किती सामर्थ्याची आहे याचा याहून बोलका पुरावा दुसरा नव्हता.

तरीही हा लेख वाचकांना सहजी उमगला नाही. तो त्रोटक होता, छपाईच्या चुकाही त्यात होत्या. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील याकोब आणि योहान या बर्नूली बंधूंना तो प्रथम कोड्यासारखाच वाटला. याकोबने १६८७ मध्ये खुलाशासाठी लायब्निझला पत्र धाडले, पण तो प्रवासात असल्याने उत्तर यायला १६९० साल उजाडले. तोवर दोघा भावांनी स्वतःच खपून ते कोडे उलगडले होते! मग मात्र चक्रे वेगाने फिरू लागली. योहानच्या शिकवणीवर आधारलेले कलनशास्त्राचे पहिले पाठ्यपुस्तक १६९६ साली पॅरिसमध्ये मार्की द लोपिताल याच्या नावाने निघाले. लायब्निझची चिन्हे युरोपभर पसरली. त्या चिन्हांची खुबी अशी, की ती लिहिणाऱ्याच्या वतीने निम्मा विचार स्वतःच करतात. प्रतिभावंतांची मक्तेदारी असलेली विद्या त्यांच्यामुळे कष्टाळू विद्यार्थ्याच्या आवाक्यात आली.

लायब्निझच्या प्रतिष्ठेचा आलेखही या काळात चढताच होता. हॅनोव्हर घराण्याचा इतिहास लिहिण्याचे काम १६८५ मध्ये त्याच्यावर सोपवण्यात आले. त्या निमित्ताने १६८७ पासून अडीच-तीन वर्षे त्याने दक्षिण जर्मनी, व्हिएन्ना आणि इटली पालथी घातली. इटलीतल्या एस्ते घराण्याशी असलेला प्राचीन नातेसंबंध त्याने कागदपत्रांनिशी सिद्ध केला. हॅनोव्हरच्या ड्यूकला १६९२ मध्ये सम्राट निवडण्याचा मताधिकार मिळाला, त्या खटपटीत लायब्निझच्या लेखणीचाही वाटा होता. १७०० मध्ये बर्लिनची विज्ञान अकादमी स्थापन झाली, ती त्याच्याच आराखड्यानुसार. युरोपातल्या अकराशे जणांशी त्याचा पत्रव्यवहार चाले. रशियाचा झार पीटरही त्याचा सल्ला घेई.

आणि मग वक्राने दिशा पालटली. १६८४ च्या लेखात लायब्निझने न्यूटनच्या पत्रांचा उल्लेख केला नव्हता. हे मौन त्याला भोवले. १६९९ मध्ये इंग्लंडमध्ये राहणाऱ्या फाशिओ या स्विस गणितज्ञाने पहिला शिंतोडा उडवला. १७०४ मध्ये न्यूटनने आपले गणित अखेर प्रकाशग्रंथाच्या परिशिष्टात छापले. त्यावर एक निनावी परीक्षण आले. न्यूटनने जणू लायब्निझच्याच रीतीला नवे नाव दिले, असा अर्थ त्यातून निघत होता. ते परीक्षण खुद्द लायब्निझचेच होते. पुढे जॉन कील या न्यूटनच्या पाठीराख्याने लायब्निझने केवळ नाव आणि चिन्हे बदलून न्यूटनची विद्या छापल्याचा उघड आरोप केला.

लायब्निझने १७११ मध्ये रॉयल सोसायटीकडे दाद मागितली. इथे त्याची सारी मुत्सद्देगिरी फसली. त्या सोसायटीचा अध्यक्ष होता स्वतः न्यूटन! चौकशी समिती नेमली गेली, पण लायब्निझची बाजू ऐकून घेतली गेली नाही. समितीचा अहवाल पडद्याआडून न्यूटननेच लिहिला. १७१३ च्या आरंभी तो युरोपभर वाटला गेला. पहिला शोध न्यूटनचा, हा निष्कर्ष त्यात होताच, पण त्याआडून लायब्निझच्या सचोटीवरही काळी छाया टाकलेली होती. एवढ्यावर न थांबता न्यूटनने १७१५ मध्ये त्या अहवालाची भलामण करणारे लांबलचक परीक्षणही निनावी छापले. फिर्यादी, न्यायाधीश आणि निकालाचा भाष्यकार अशा तिन्ही भूमिका एकाच माणसाने वठवल्या. निनावी लेखणीचा मोह दोघांनाही आवरला नाही, हेही तितकेच खरे.

संशोधकांनी दोघांचीही हस्तलिखिते तपासल्यावर पुढे वेगळेच सत्य समोर आले. न्यूटनचा शोध आधीचा, लायब्निझचा नंतरचा; पण दोघांनीही तो स्वतंत्रपणे लावला. लंडनमध्ये लायब्निझने उतरवून घेतलेली टिपणे अनंत श्रेढींविषयीची होती. कलनशास्त्राची गुरुकिल्ली त्याच्या १६७५ च्या कागदांवर त्यापूर्वीच उमटलेली होती. आणि छापून जगाच्या हाती ती आधी दिली ती त्याने. पण हा निवाडा ऐकायला तो हयात नव्हता.

शेवटची वर्षे एकाकीपणाची होती. त्याची चाहती असलेली प्रशियाची राणी सोफी शार्लट १७०५ मध्येच गेली होती. तिची आई सोफी ही हॅनोव्हर दरबारातली त्याची सर्वांत भक्कम आधारस्तंभ. जून १७१४ मध्ये तीही वारली. ऑगस्टमध्ये इंग्लंडची राणी ॲन निवर्तली आणि हॅनोव्हरचा गेऑर्ग लुडविग पहिला जॉर्ज म्हणून तिच्या गादीवर बसला. व्हिएन्नात असलेला लायब्निझ घाईघाईने परतला, तो राजाचा लवाजमा नुकताच लंडनकडे रवाना झालेला. लंडनला येण्याची त्याची इच्छा मान्य झाली नाही. घराण्याचा रखडलेला इतिहास आधी पुरा करावा, अशी राजाची आज्ञा होती. न्यूटनच्या राजधानीत न्यूटनचा प्रतिस्पर्धी कोणालाच नको होता, हेही उघडच.

लायब्निझ इतिहास लिहीत राहिला. हे काम त्याने इतक्या मुळापासून हाती घेतले होते, की प्रस्तावना म्हणून पृथ्वीच्या घडणीवर त्याने एक स्वतंत्र प्रबंधच लिहिला. आयुष्य संपले तेव्हा घराण्याची कथा जेमतेम इसवी सन १००५ पर्यंत पोहोचली होती. न्यूटनचा मित्र सॅम्युएल क्लार्क याच्याशी अवकाश, काल आणि ईश्वर यांवर चाललेला त्याचा पत्रवादही मृत्यूनेच थांबवला. पॅरिसच्या अकादमीत फोन्तनेल याने १७१७ मध्ये वाचलेले गौरवपर भाषण, एवढाच काय तो विद्वत्-जगाचा निरोप.

परंतु अवकलजाची एक मर्यादा लक्षात ठेवण्याजोगी आहे. तो एका बिंदूपाशी काय चालले आहे एवढेच सांगतो; पुढे दूरवर वक्र कोणते वळण घेईल, हे त्या एका बिंदूवरून कळत नाही. पूर्ण पट्ट्यात फलन वाढते असे म्हणायचे, तर त्या पट्ट्यातल्या प्रत्येक बिंदूपाशी चिन्ह तपासावे लागते, आणि त्यासाठी भक्कम सिद्धताही लागते. लायब्निझच्या लेखी हा नियम जवळजवळ स्वयंसिद्ध होता. पुढची उंची मागच्या उंचीहून अधिक, म्हणून फरक धन. पण त्याचे अतिसूक्ष्म फरक म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्याच्या टीकाकारांनी सोडला नाही. फ्रान्समध्ये लाग्रांजने १७९७ मध्ये आणि ऑगस्तँ कोशीने १८२३ मध्ये याची पायाभरणी नव्याने केली. दोन तासांत १२० किलोमीटर गेलेल्या मोटारीचा वेग वाटेत कोणत्या ना कोणत्या क्षणी नेमका ताशी ६० असलाच पाहिजे, अशा आशयाचा मध्यमान प्रमेय हा त्या इमारतीचा आधारखांब ठरला. बिंदूवरचे चिन्ह आणि पट्ट्यावरची वाढ यांना जोडणारा पूल तो हाच.

लायब्निझच्या कीर्तीचा वक्रही १७१६ च्या त्या उदास बिंदूवर थांबला नाही. वादाच्या अभिमानापोटी इंग्लंड शतकभर न्यूटनच्या टिंबांच्या चिन्हांनाच चिकटून बसले आणि त्या काळात युरोपातले गणित त्याच्या पुढे निघून गेले. अखेर १८१२ मध्ये खुद्द न्यूटनच्या केंब्रिजमध्ये चार्ल्स बॅबेज, जॉन हर्षेल आणि जॉर्ज पीकॉक या तरुणांनी एक मंडळ स्थापून लायब्निझची चिन्हे शिकवण्याचा आग्रह धरला आणि तो तडीस नेला. ज्या हॅनोव्हरने त्याला एकाकी निरोप दिला, तेथे १८९१ पासून एका बिस्किटालाही त्याचे नाव आहे आणि २००६ पासून तेथील विद्यापीठालाही. त्याच्या मागे उरलेल्या सुमारे दोन लाख पानांच्या कागदपत्रांचे साक्षेपी प्रकाशन १९२३ मध्ये सुरू झाले, ते अजून पुरे झालेले नाही. त्याच्या पत्रसंग्रहाला युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक स्मृतिठेव्याचा मान दिला.

शोध कोणाचा, याचा निवाडा रॉयल सोसायटीने आपल्या परीने करून टाकला होता. पण शोध कोणाच्या उपयोगी पडावा, हा प्रश्न लायब्निझने १६८४ मध्येच निकालात काढला होता. न्यूटनने कोड्यात बंद करून ठेवलेली विद्या त्याने सहा-सात पानांत सर्वांसाठी मोकळी केली. वर्गात फळ्यावर कोणी डीवाय बाय डीएक्स असे लिहिते, त्याचे चिन्ह पाहते आणि आलेख इथे चढतो, इथे उतरतो असे निःशंकपणे सांगते, तेव्हा हॅनोव्हरच्या त्या निनावी थडग्याचे ऋण कळत-नकळत फेडले जात असते.